सिंहासनाखालचे सहा सूत

१

राज्याभिषेकाचं अकरावं वर्ष, ११ एप्रिल. पहाटे गारा पडल्या, आठच्या सुमाराला थांबल्या. समुद्राकडून वारा. ऊन नाही.

टिडेमनने वहीत एवढं लिहिलं, शाई टिपली आणि पितळी गज मऊ कापडात गुंडाळून काखोटीला मारला. या तारखेला तो दरवर्षी हेच करत आला होता. दरबारचा सुतार म्हणजे एरवी फुगलेले दरवाजे, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या आणि मोडकी बाकं. पण वर्षातून एकदा, पाव तासापुरता, सगळ्या साम्राज्याचा जीव त्याच्या हातातल्या गजात अडकायचा.

सम्राज्ञी वेंडेला गादीवर बसली तेव्हा सहा वर्षांची होती. सिंहासन मोठ्या माणसाच्या मापाचं. पोरीचे पाय लोंबकळू नयेत म्हणून टिडेमनने ओकच्या एकाच ओंडक्यातून पाट काढला होता. दरबारी कागदांत त्याला पादपीठ म्हणत. टिडेमन आपला पाटच म्हणायचा. तेव्हा त्याची उंची होती पाच इंच सहा सूत. आठ सुतांचा एक इंच, हे सुताराच्या घरात मूल चालायच्या आधी शिकतं.

कायदा जुना आणि सोपा होता. पाट काढल्यावर सिंहासनात बसलेल्या मुलीचे दोन्ही तळवे ज्या दिवशी फरशीला टेकतील, त्या दिवसापासून राज्य तिचं. तोवर कारभार चुलत्याचा. बारा मोजण्यांत टेकले नाहीत, तर गादी कायमची चुलत्याची आणि मुलगी उत्तरेच्या बेटावरच्या मठात, जन्मभर.

टिडेमन गुडघ्यांवर बसला. पाट ओढून बाजूला केला. तळवा आणि काळी फरशी यांच्या मधे गज उभा धरला, डोळा जमिनीला लावला, आणि मग मान वर करून तीनदा ओरडला, "सहा सूत! सहा सूत! सहा सूत!"

लेखनिकाचा टाक मधेच थांबला.

"गेल्या वर्षी किती होते?" कारभारी एबेरार्डने विचारलं. मुलीचा सख्खा चुलता. उंच, वाळकुडा, कायम घसा खाकरणारा.

"सहा सूतच, हुजूर."

"म्हणजे आमची पुतणी वाढायची थांबली म्हणायची. बरं झालं. कापडाचा खर्च वाचला."

दरबारी हसले. टिडेमन हसला नाही. गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला जे दिसतं ते उभ्यांना दिसत नाही. वेंडेलाच्या झग्याचा घोळ त्याच्या नाकासमोर होता आणि त्याच्यावर सुईच्या जुन्या भोकांच्या दोन ओळी होत्या. घोळ वर्षात दोनदा उसवून खाली सोडला होता. मुलगी वाढली होती. दीड-दोन इंच तरी.

वेंडेला किंचित वाकली. ओठ न हलवता बोलायची तिला सवय झाली होती.

"सुतारकाका, गज कुणी बदलून नाही ना दिला तुम्हाला?"

"गज माझ्या बापाचा आहे, सरकार."

"आणि बाप? तो तुमचाच ना?"

तिच्या डोळ्यांत मात्र थट्टा नव्हती.

२

"किती?" उर्सेलने दारातूनच विचारलं.

"सहा."

"गेल्या साली?"

"सहा."

तिने कांद्यांची टोपली खाली ठेवली. "त्या वाळक्याने पाचरी मारल्या असणार सिंहासनाखाली. रात्रीतून उचललं असेल. तुमचं लक्ष असतं कुठे?"

"पाचर मला दिसली नसती का?"

"तुम्हाला माझी नवी टोपी आठ दिवस दिसली नव्हती."

उर्सेलचा चिडका सूर टिडेमनला ठाऊक होता. तिचा भाऊ मासेमार. कारभाऱ्याने तीन वर्षांपूर्वी लढाईचं निमित्त करून बंदर बंद केलं, तेव्हापासून त्याची होडी किनाऱ्यावर उपडी पडलेली. वेंडेला कारभार हातात घेईल तर बंदर उघडेल असं सगळं शहर धरून चाललं होतं, कारण तेरा वर्षांची असताना तिने भर दरबारात चुलत्याला विचारलं होतं, "काका, मासे आपली परवानगी काढून पोहतात का?" अजूनही लोक ते वाक्य पावाच्या रांगेत एकमेकांना सांगायचे.

"आता तासायचं तरी काय उरलंय?" उर्सेल पाटाकडे बघून म्हणाली. "पाव कापायची फळी झालीय ही."

खरंच तासायचं काही नव्हतं. माप तेच, म्हणून उंची तीच. दरवर्षी तो पाट उलटा करून बाकावर आवळायचा आणि जेवढी मुलगी वाढली तेवढा तळ रंध्याने काढून टाकायचा. तळाला दोन उथळ खळगे पडलेले असायचे. फरशीवर घासून पडले असतील असं धरून तो पुढे जायचा. पहिल्या दहा हातांतच ते नाहीसे व्हायचे. या वर्षी रंधा लावायचा नव्हता, म्हणून तेल पाजावं एवढ्यासाठी त्याने पाट उपडा ठेवला. उत्तरेच्या खिडकीतून तिरपा उजेड येत होता. तिरप्या उजेडात लाकूड काही लपवत नाही.

खळगे दोनच होते. प्रत्येकाची एक बाजू रुंद, एक अरुंद. रुंद बाजूच्या पुढे पाच लहान वाटोळे ठसे. एक मोठा, चार उतरत्या मापाचे.

त्याने पाट सुलटा केला. वरच्या अंगावर वेंडेलाच्या बुटांच्या टाचांनी पडलेली झीज होती. सरळ कडांची, दरवर्षी थोडी मागे सरकत गेलेली. ती बरोबर होती. पुन्हा उलटा केला. इथे बूट नव्हता. आणि माप वाढलेलं नव्हतं. त्याने बोटांच्या टोकापासून टाचेपर्यंत गज लावला. सहा इंच दोन सूत. पाच-सहा वर्षांच्या पोराचं पाऊल.

टिडेमनने गज बाजूला ठेवला. मग त्याने कारणं मांडली, कारण कारणं मांडल्याशिवाय तो जेवायला बसत नसे. एक, झाडूवाल्या बायका पाट उलटा ठेवत असतील आणि कुणाचं तरी पोर त्याच्यावर चढत असेल. दोन, कुणी मुद्दाम कोरलं असेल. त्याने भिंग आणलं. कोरल्याची एकही खूण नव्हती. धागे तुटलेले नव्हते, दबलेले होते. ओकचा धागा दाबायला वर्षानुवर्षं वजन लागतं. हा तळ तर त्याने वर्षापूर्वी ताजा तासला होता.

वहीत त्याने लिहिलं: "तळाला झीज. कारण कळत नाही." आणि शेवटचे तीन शब्द खोडले.

३

पुढच्या सोमवारी फिर्यादी ऐकून संपल्यावर तो सिंहासन तपासायला गेला. दुपार होती. दालनाला पाच उंच खिडक्या, चुन्याच्या पांढऱ्या भिंती. अंधारा कोपरा म्हणून तिथे नव्हताच. चारही पाय त्याने बोटं फिरवून पाहिले. पाचर नव्हती, नवा तुकडा नव्हता, सरसाचा वास नव्हता. बैठकीची उंची सतरा इंच चार सूत. त्याच्या बापाच्या वहीतही तीच.

"सापडलं का काही?"

वेंडेला गेलेली नव्हती. दोन दासी दाराशी उभ्या, ती सरळ चालत आली आणि सिंहासनात बसली. बसताना तिने आधी पाय पाटावर ठेवले, मग बूड टेकलं.

"सिंहासनात काही नाही, सरकार."

"मग तुमच्यात असेल." ती हसली. "खरं सांगा, काका. तुम्ही कुणाच्या बाजूचे? माझ्या, का एबेरार्डकाकांच्या?"

"मी इंचाच्या बाजूचा आहे."

"असं म्हणणारी माणसं मी फार पाहिली. सगळ्यांचा इंच वेगवेगळा निघतो."

त्याने परवानगी मागितली आणि दोरी काढली. दासींच्या देखत, गुडघ्याच्या लवणीपासून बुटाच्या तळापर्यंत माप घेतलं. गाठ मारली, दोरी गजावर धरली. सतरा इंच चार सूत. त्याने पुन्हा घेतलं. तेच.

बैठक सतरा-चार. पाय सतरा-चार. हिशेबाने तळवे फरशीवर असायला हवे होते.

"सरकार, पाट काढू?"

तिने दाराशी उभ्या दासींकडे पाहिलं. मग मान हलवली.

पाट निघाला. पाय खाली आले आणि फरशीच्या वर थांबले. हवेत सोडलेला पाय लोंबतो तसे ते लोंबत नव्हते. टेकल्यासारखे थांबले होते. टाच सपाट, चवडा सपाट. मधे सहा सुतांची फट आणि फटीतून पलीकडच्या खिडकीचा उजेड.

"पाय सोडा, सरकार."

"सोडलेत."

"पूर्ण सोडा."

"काका, सोडलेत म्हणतेय ना."

तिचा आवाज पहिल्यांदाच सोळा-सतरा वर्षांच्या पोरीसारखा चिरका झाला होता. टिडेमनने हात पुढे केला. फटीत बोट घालून बघावं, एवढंच.

"हात घालू नका तिथे."

दाराशी दासींनी माना वळवल्या. वेंडेलाने पाटाकडे बोट दाखवलं, तो जागेवर सरकवला जाईपर्यंत थांबली, आणि मग मऊ सुरात म्हणाली, "धूळ असते. तुमचे हात खराब होतील."

सुताराच्या हातांबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं.

४

त्याने पाटाच्या तळाला मऊ पांढऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवला. नखाने दाबलं तरी खूण उठेल असं लाकूड. उंची वाढू नये म्हणून तेवढाच ओक काढला. कुणाला सांगितलं नाही. उर्सेललाही नाही.

एक महिना थांबला आणि तेल पाजायचं निमित्त करून पाट घरी आणला.

दोन पावलं. आता बोटांवरच्या रेघासुद्धा उमटल्या होत्या. डाव्या टाचेच्या ठशात आडवी, बारीक, वर उचललेली रेघ होती. म्हणजे पावलाला तिथे खाच असणार. त्याने ती सगळी झीज तासून नवा पापुद्रा लावला. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली. रेघेसकट, त्याच जागी.

जुलैत कारभाऱ्याने बोलावणं धाडलं. एबेरार्ड खिडकीत उभा राहून चेरी खात होता आणि बिया बागेत थुंकत होता.

"मिस्त्री, तुम्ही पाट फार वेळा घरी नेता असं कानावर आलं."

"लाकूड आहे, हुजूर. हवा मानवत नाही."

"मला वाटलं, पोरीसाठी काही युक्ती करताय. सिंहासन हळूहळू बुटकं करताय." त्याने बी थुंकली. "केलीत तर हात तोडीन, हे वेगळं सांगायला नको."

"आणि हुजुरांनी ते उंच केलं, असं शहर म्हणतं."

कारभारी खाकरला. मग टिडेमनला अजिबात अपेक्षा नव्हती असं काही झालं. त्या माणसाचा चेहरा उतरला.

"मी बघितलं आहे खाली," तो म्हणाला. "या मोजणीनंतर. मलाही कारण हवं होतं. सिंहासनाखालची फरशी काढायला लावली. खाली कातळ आहे, मिस्त्री. तळघर नाही, पोकळी नाही, काही नाही. टेकडीचा अखंड कातळ. फरशी पुन्हा बसवली." त्याने वाडगा बाजूला सारला. "आता मला कारण नको. मला एप्रिलमध्ये आकडा हवा. खरा. जो असेल तो."

टिडेमन जिना उतरताना विचार करत होता. एप्रिलपासून ज्याच्यावर संशय घेतला तो माणूस खोटं बोलत नव्हता. आता संशय ठेवायला जागा कुठे उरली?

५

पायांबद्दल विचारायचं तर एकच माणूस होतं. वॉल्बा, वेंडेलाची दूधआई. ती अकरा वर्षांपासून राजवाड्याच्या धुणीघरात चादरींच्या घड्या घालत होती.

"वॉल्बामावशी, मुलीच्या पायाला लहानपणी काही लागलं होतं का?"

म्हातारीचे हात घडीवर थांबले. "तू का विचारतोस, टिडेमना?"

"सहज."

"सहज विचारायला अकरा वर्षं लागत नाहीत." तिने चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "धर. उभा आहेस तर उपयोगी पड. चार वर्षांची होती. शेगडीतल्या निखाऱ्यावर पाय दिला. डाव्या टाचेवर आडवा चट्टा, करंगळीएवढा. मी तो रोज रात्री चरबीने चोळायची."

टिडेमनने चादरीचं टोक घट्ट धरलं.

"राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी रडून रडून घसा बसला होता तिचा. सकाळी तिला सवय व्हावी म्हणून सिंहासनात एकटीला बसवलं. दार लावून घेतलं. अर्धा तास. बाहेर आली ती शांत. हसरी. माझा हात धरला नाही. संध्याकाळी पाय धुवायला घेतले, तर टाच लोण्यासारखी."

"लहान मुलांचे चट्टे भरतात, मावशी."

"भरतात. एका दुपारात?"

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगू? या चुलत्याला? त्याने मुलीचा जीवच घेतला असता. आणि कुठल्या मुलीचा घेतला असता, ते तू सांग."

टिडेमनने चादर जुळवून तिच्या हातात दिली. त्याला वाटलं, ही बाई रागावलेली आहे. मुलीने हिला जवळून काढून साबणाच्या वाफेत टाकलं, आणि रागाला अकरा वर्षं उबवलं की त्यातून काहीही बाहेर येतं. तो तसं म्हणालाही, जरा मऊ शब्दांत.

"टाकलं ना," वॉल्बा म्हणाली. "त्याच आठवड्यात टाकलं. का टाकलं ते विचार तिला." तिने त्याचं मनगट धरलं. साबणाने तिची बोटं पांढरी आणि सुरकुतलेली झाली होती. "ऐक. पाय टेकले की ती फट कायमची बुजली. माझी पोर खाली आहे, ती वर येणार कुठून मग? सहा सूत उरलेत, टिडेमना. तेवढे तरी ठेव. तू सहा म्हण. बाकी काही करू नकोस. फक्त सहा म्हण."

"गजावर जे असेल ते म्हणेन."

"मग तुझ्या गजाला माझा नमस्कार," ती म्हणाली आणि पुढची चादर उचलली.

६

जानेवारी, १९ तारीख. कडक ऊन, बर्फ कोरडं. दालनातल्या तिसऱ्या खिडकीची चौकट आकसली होती, तिचं काम टिडेमनने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत काढलं. दालन रिकामं होतं. काम पाच मिनिटांत झालं. पुढची पंचावन्न मिनिटं त्याला स्वतःसाठी हवी होती.

वॉल्बा खोटं बोलते, असं त्याने मनाशी धरलं होतं. धरल्यावर पडताळणं आलं. त्याने पाट उलटा केला. पापुद्र्यावर, दोन्ही खळग्यांसकट, शिशाच्या कांडीने बारीक समांतर रेघा ओढल्या, कुणी स्पर्श केला तर पुसल्या जातील अशा. पाट सुलटा करून, अलगद, न सरकवता जागेवर ठेवला. आणि सिंहासनाच्या पायरीवर, पाटापासून हातभर अंतरावर बसून राहिला.

दालनात कुणी आलं नाही. उंदीर नाही, वाऱ्याची झुळूक नाही. उन्हाचा पट्टा दोन फरशा सरकला. एकदा काहीतरी घासल्यासारखं वाटलं. लोकरी मोज्याचा पाय लाकडावर फिरावा तसं. त्याने कान फरशीला लावला. स्वतःच्या रक्ताची धपधप ऐकू आली. टेकडीच्या पायथ्याशी समुद्र आपटतो, त्याचा हादरा वर येत असेल. येऊ शकतो. कातळातून आवाज लांबवर जातो.

देवळाची घंटा झाली तेव्हा तो उठला आणि पाट उचलला.

रेघा होत्या. सगळीकडे होत्या. फक्त दहा ठिकाणी, बोराएवढ्या दहा वर्तुळांत, त्या पुसल्या गेल्या होत्या.

"काय सापडलं, काका?"

वेंडेला दाराच्या आत उभी होती. कधीपासून, ते त्याला सांगता आलं नसतं. दासी बरोबर नव्हत्या.

"पाटाला तेल लागेल, सरकार."

"लावा." ती जवळ आली नाही. "धुणीघरात जाऊन आलात म्हणे. वॉल्बाला हल्ली न झालेलं पुष्कळ आठवतं."

"तिने तुमच्या टाचेवरच्या चट्ट्याबद्दल सांगितलं."

थंडीने खिडकीची काच तडकल्यासारखी वाजली. वेंडेलाने तिकडे पाहिलं आणि पुन्हा त्याच्याकडे. खाली, त्याच्या हातातल्या पाटाकडे तिची नजर गेली नाही. टिडेमनच्या तेव्हा लक्षात आलं की ती कधीच खाली बघत नाही. सोमवारी फिर्यादी पायाशी लोळण घेत, तेव्हाही ती त्यांच्या डोक्यांवरून बोलायची.

"मी बंदर उघडणार आहे," ती म्हणाली. "लढाई थांबवणार आहे. मिठावरचा कर काढणार आहे. काकांना यातलं एकही जमणार नाही, आणि मी मठात गेले तर कुणालाच जमणार नाही. तुमच्या बायकोला विचारा, तिला काय हवंय. भावाची होडी, का एका म्हातारीची गोष्ट?"

"मी फक्त मोजतो, सरकार."

"तेच सांगतेय. अकरा वर्षं तेच केलंत. अजून एकदा करा."

७

राज्याभिषेकाचं बारावं वर्ष, ११ एप्रिल. रात्रभर धुकं, नऊला विरलं. वारा पडलेला. स्वच्छ ऊन.

दालनात उभं राहायला जागा नव्हती. कारभारी उजवीकडे, लेखनिक डावीकडे. मागे, खांबापाशी, घडी केलेली पांढरी चादर हातात घेऊन वॉल्बा. ती आत कशी आली कोण जाणे. बाहेर चौकात लोक होते. उर्सेल आणि तिचा भाऊ त्यांत होते. मठाची बंद गाडी घोडे जोडून दाराशी उभी होती. ती न दिसलेला एकही माणूस तिथे नव्हता.

टिडेमन गुडघ्यांवर बसला. पाट ओढून बाजूला केला.

झगा दोन हातांनी उचलून वेंडेलाने पाय खाली सोडले. ते थांबले. फटीतून उजेड आला. दालनातून एक लांब सुस्कारा गेला, आणि कारभाऱ्याचा खाकरा त्याच्या मागोमाग.

टिडेमनने गज उभा केला. डोळा जमिनीला लावला. सहा सूत. त्याने तोंड उघडलं.

"थांबा, काका," वेंडेला म्हणाली. "अजून पाय सोडले नाहीत मी."

"तुम्ही म्हणाला होतात, सोडलेत."

"तेव्हा म्हणाले होते." ती खाली वाकली. इतकी वाकली की तिचा श्वास त्याच्या कानाला लागला. बारा वर्षांत पहिल्यांदा ती खाली बघत होती. "डोळे मिटा."

"मोजणाऱ्याला डोळे मिटता येत नाहीत, सरकार."

"बरं," ती म्हणाली, आणि मग त्याच्याशी नव्हे, फरशीशी, दोन पोरींच्यात बोलावं तसं हळू, कंटाळून, "पुरे झालं आता. सोड."

तिने दोन्ही हात सिंहासनाच्या हातांवर रोवले आणि सगळं वजन पायांवर घातलं. लाकूड कुरकुरलं. बुटांचे तळ एक सूत खाली आले. थांबले. अजून एक. टिडेमनचा गाल फरशीला टेकलेला होता. फटीच्या पलीकडे खिडकीचा पांढरा उजेड होता, आणि त्या उजेडासमोर, काळ्या फरशीतून वर आलेली, बुटांना खालून लावलेली, दाबाने रक्त उतरून पांढरी पडलेली लहान पावलांची बोटं होती. त्याने ती मोजली. सवय होती म्हणून मोजली. दहा. मग नऊ. मग सहा. एक करंगळी सगळ्यांत शेवटपर्यंत वाकून धरून राहिली.

टाचा फरशीवर आपटल्या. आवाज साधा होता, बुटांचा.

टिडेमनने गजाचं टोक बुटाच्या कडेशी लावलं. ते आत शिरलं नाही. त्याने चारही बाजूंनी लावून पाहिलं. खांबापासून वॉल्बाचा आवाज आला, मोठा, धुणीघरातल्या बायका वाफेतून एकमेकींना हाक मारतात तसा. "टिडेमना! किती होते? आधी किती होते?"

लेखनिकाने टाक बुडवला.

"मिस्त्री," कारभारी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तुम्ही सहा बघितले ना? आत्ता, माझ्या देखत. तुमचं तोंड उघडलं होतं. सहाच म्हणणार होतात."

टिडेमनने एकदा म्हातारीकडे पाहिलं. मग गजाकडे.

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी त्याने आकडा तीनदा पुकारला. शून्य. शून्य. शून्य. लेखनिकाने तो लिहून घेतला. साडेबाराला, सम्राज्ञीच्या पहिल्या हुकमावरून, मठाची गाडी एबेरार्डला घेऊन निघाली. वॉल्बा दुसऱ्या दिवसापासून धुणीघरात आली नाही. बंदर ३ मे रोजी उघडलं. सम्राज्ञी वेंडेलाने एक्केचाळीस वर्षं, दोन महिने आणि सहा दिवस राज्य केलं.